छातीतली जळजळ : गोळी कधी, तपासणी कधी?

शिवारफेरीला गेलो की एक गोष्ट हमखास दिसते. एका खिशात तंबाखूची पुडी, दुसऱ्यात पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट. पंचावन्नीचे एक काका तर चार वर्षे रोज गोळी घ्यायचे, तीही जेवणानंतर. "पित्तच ते, त्यात तपासायचं काय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पुढे भाकरीचा घास छातीत अडकू लागला. तेव्हा विलेपार्ल्यात राहणाऱ्या मुलाने त्यांना तिथल्या महापालिकेच्या कूपर रुग्णालयात नेलं. घरच्यांना कर्करोगाची धास्ती होती. दुर्बिणीच्या तपासणीत सुदैवाने तसं काही निघालं नाही. वर येणाऱ्या आम्लाने व्रण होऊन अन्ननलिका खालच्या टोकाला आकसली होती; ती रुंद करावी लागली.

मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातले पाणी विहिरीत परत उतरते. अन्ननलिका व जठर यांच्यामध्येही असाच झडपेसारखा स्नायू असतो. तो सैल पडला की जठरातले आम्ल वर चढते. गोळीने आम्ल कमी होते, झडप दुरुस्त होत नाही. हे ध्यानात ठेवले की पुढचे उपचार समजतात.

पहिला उपाय सवयींचा. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे. रात्री पाणी द्यायला जायचे असेल तर जेवून जावे. परत येऊन जेवून लगेच आडवे होऊ नये. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती सहा-आठ इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. डाव्या कुशीवर झोपावे. वाढलेले वजन उतरवावे. तंबाखू, मिश्री, दारू सोडावी. ज्या खाण्याने त्रास होतो तेवढेच टाळावे. खाण्याच्या सोड्याने घटकाभर बरे वाटते, पण रक्तदाब असलेल्यांनी तो रोज घेऊ नये. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

एवढ्याने भागले नाही तर ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल. ही गोळी सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते. साधारण चार ते आठ आठवड्यांनी डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा ती थांबवतात. बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर जळजळ काही दिवस उलटून येते; म्हणजे गोळी जन्माची लागली असे नव्हे. काहींना मात्र ती दीर्घकाळ घ्यावीच लागते. अशांनी डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, कारण वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. जनऔषधी केंद्रात या गोळ्या स्वस्त मिळतात.

घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, कारण नसता वजन घटणे, रक्त कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. छातीत दाटून घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला तर पित्त समजून घरी बसू नका. तो हृदयविकार असू शकतो. तडक दवाखाना गाठा.

शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडपेला आधार देतात. तपासण्यांनी आजार पक्का झालेल्या निवडक रुग्णांसाठीच ती असते.

सरपंच आणि आशाताईंनी ही लक्षणे ग्रामसभेत जरूर वाचून दाखवावीत. कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. पोटाच्या बाबतीतही तेच.