मालवणला जेवायला कुठे बसावे?

दिवाळी सरली, समुद्र निवळला, की कोकणच्या सहलींचे बेत घरोघरी ठरू लागतात आणि एक प्रश्न आमच्या दवाखान्यात हमखास येतो. ‘आईबाबांना मालवणला नेतो आहोत. तिथले जेवण त्यांना सोसेल ना?’ विचारणारा मुलगा असतो किंवा सून. ज्यांच्याविषयी प्रश्न असतो ते शेजारच्या खुर्चीत मुकाट बसलेले असतात. मधुमेह, रक्तदाब, कवळी, गुडघे. नकार ऐकण्याची त्यांची तयारी आधीच झालेली असते. सर्वांपुढे बांगड्याचे कालवण आणि आजोबांपुढे दहीभात, असे चित्र ठरून गेलेले असते.

वाचकहो, बहुतेक ज्येष्ठांना मालवणचे जेवण सोसते. सोसत नाहीत त्या जेवणाभोवतीच्या गोष्टी: उशीर, ताटकळणे, पायऱ्या, पाण्याविना काढलेली दुपार. म्हणून काय खावे याच्या आधी कुठे आणि केव्हा बसावे, हे ठरवले पाहिजे.

मालवण हे जुने बंदर. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. खाऱ्या समुद्राच्या मधोमध असलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही दाखवल्या जातात. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढे तारकर्ली आणि देवबागेकडे पर्यटकांची रीघ लागली आणि गावात जेवणाच्या जागा वाढल्या. ढोबळमानाने त्या तीन तऱ्हांच्या आहेत. जुन्या वस्तीतल्या घरगुती खानावळी, रस्त्यालगतची मोठी हॉटेले, आणि जिथे आपण उतरतो त्या न्याहारी-निवासाच्या घरातले स्वयंपाकघर. ज्येष्ठांसोबत असाल तर माझा कौल तिसऱ्याला, मग पहिल्याला. पन्नास पदार्थांचे मेनूकार्ड असलेल्या हॉटेलाला सर्वांत शेवटी.

याचे कारण चव नव्हे. घरगुती ठिकाणी आदल्या रात्री किंवा सकाळी सांगून ठेवता येते: किती माणसे, किती वाजता, एका ताटात तिखट कमी. सांगितलेल्या वेळी ताट समोर येते. नावाजलेल्या खानावळीत सुटीच्या दिवशी दुपारी 1 नंतर दाराबाहेर रांग लागते. गर्दी आहे म्हणजे मासळी खपते, ती ताजी असण्याचा संभव अधिक, हे खरे. परंतु त्या रांगेत एक तास उभ्या असलेल्या मधुमेही माणसाचे काय होते, याचा विचार रांगेत कोणी करत नाही.

हा मुद्दा मी सविस्तर मांडतो, कारण सहलीतला खरा धोका इथे आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी, अथवा जेवणापूर्वीचे इन्सुलिन, घेतल्यानंतर रक्तातील साखर उतरू लागते. जेवण आले की नाही, याची औषध वाट पाहत नाही. माझ्या एका सत्तरीतल्या रुग्णाने खोलीवरूनच गोळी घेतली, कारण घरी तो साडेबाराला जेवत असे. सहलीत ताट आले सव्वादोनला. तोवर तो चिडचिड करू लागला होता, सुनेचे नाव चुकत होता, सदरा घामाने भिजला होता. घरच्यांना वाटले, उन्हाने त्रासले. सुदैवाने सोबतच्या एकाला शंका आली आणि साखरेचे पाणी पोटात गेले.

यावरून नियम एकच: अशी गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर दिसल्यावर घ्यावे, निघताना नव्हे. आपल्या गोळीला हा नियम लागू आहे का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण मेटफॉर्मिनसारख्या औषधांनी एकट्याने साखर सहसा इतकी उतरत नाही. घाम, थरथर, भूल पडल्यासारखे बोलणे दिसले, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा पाहावे. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

वेळ ठरली की जागा पाहावी. कुटुंबातील एखाद्या तरुणाने आधी जाऊन यावे. गाव लहान आहे, फार वेळ जात नाही. त्याने काय पाहावे? किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यांना कठडा आहे का. टेकायला पाठ असलेली खुर्ची आहे की नुसता बाक. फरशी ओली राहते का. आणि स्वच्छतागृह कुठे आहे, कमोड आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण माझ्या मते तो मासळीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा आणि गुडघे न वाकणाऱ्या आजी प्रवासात पाणीच पीत नाहीत. कुणाला अडचण नको म्हणून सकाळपासून घोटभर चहावर राहतात. वर कोकणातले दमट ऊन आणि पोटात रक्तदाबाची गोळी. दुपारी उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करण्याची सवय अनेकांना असते. तसे करू नये. वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

आता मासळी. चांगल्या खानावळीची माझी खूण अशी, की ‘आज काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर लहान येते. ‘बांगडो आसा, सुरमय आसा, पापलेट गावूक नाय,’ असे कोणी सांगितले की मला त्या स्वयंपाकघराविषयी विश्वास वाटतो. जिथे बारा महिने सर्व काही मिळते, तिथे बर्फाची पेटी मोठी असते. जून आणि जुलैमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत गेलात तर खाडीची मासळी किंवा सरळ शाकाहारी ताट घ्यावे.

बर्फातली मासळी वाईटच असते असे नाही. वाईट असते ती मध्येच उन्हात राहिलेली. बांगडा, सुरमई, तारली, कुपा या जातींचे मासे उष्णतेत पडून राहिले, की त्यांत जिवाणूंमुळे हिस्टामाइन नावाचे द्रव्य साचते. ते तळून वा उकळूनही नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. घरचे म्हणतात, ‘यांना माशाची अ‍ॅलर्जी झाली,’ आणि जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाचे मासे त्या दिवसापासून बंद होतात. तेव्हा असे काही घडल्यास डॉक्टरांना कोणता मासा, किती वाजता, आणि त्याची चव जिभेला चुरचुरली का, हे सांगावे. अ‍ॅलर्जीवरच्या औषधांनी हा त्रास सहसा आटोक्यात येतो. दम लागला किंवा रक्तदाब उतरला तर मात्र वेळ दवडू नये.

तिसऱ्या आणि कालवे समुद्राचे पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले बरेवाईट त्यांच्यात साठते. ती पूर्ण शिजलेली असावीत. शिजूनही न उघडलेला शिंपला बाजूला ठेवावा. यकृताचा विकार असलेल्यांनी ती टाळलेली बरी.

काट्यांचे भय सर्वांना असते आणि कवळी वापरणाऱ्यांना ते असायलाच हवे. वरची कवळी टाळू झाकते. मग काटा जिभेला लागला तरी टाळूला कळत नाही. पेडवे किंवा तारलीपेक्षा सुरमईची तुकडी त्यांना सोयीची, मधला काटा काढला की झाले. मुडदुशी मिळाली तर अवश्य घ्यावी, तिचे मांस मऊ असते. काटे दुसऱ्याने काढून द्यायचे असतील तर ते आजोबांच्या ताटात, त्यांच्या संमतीने काढावेत. घास कुस्करून पुढे सरकवला की माणूस ओशाळतो आणि जेवण लवकर आटोपते. घशात काटा रुतला तर भाताचे गोळे वा केळे गिळवू नये. तो अधिक आत जातो. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल त्यांच्यासाठी गजबजलेली जागा चुकीचीच. शांत कोपरा, सरळ पाठ आणि घासागणिक थांबायला वेळ हवा.

सोलकढीविषयी फार विचारणा होते. ती औषध नव्हे आणि अपथ्यही नव्हे. मात्र कोकमाच्या आगळात मीठ पुष्कळ असते, त्यात लोणचे, पापड आणि सुका बांगडा यांची भर पडली, की दिवसाचे 5 ग्रॅम मीठ एका बैठकीत संपते. हृदय कमजोर असलेल्यांना दुसऱ्या दिवशी पावलांवर सूज दिसते. एक वाटी सोलकढी घ्या, मग सुकी मासळी सोडा, असा सौदा मी सुचवतो. शहाळे मात्र सर्वांना निरुपद्रवी समजले जाते, ते तसे नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी घेणाऱ्यांनी दिवसभर शहाळी पिऊ नयेत. त्यातल्या पोटॅशियमचा निचरा त्यांच्या शरीरातून नीट होत नाही. युरिक अ‍ॅसिडने अंगठा धरणाऱ्यांनी बांगडे-तारल्यांवर सलग तीन दिवस ताव मारू नये.

कोंबडी-वड्यांतले वडे तळलेले असतात; मधुमेह्याने दोनवर थांबावे आणि मग भात घेऊ नये. मासे न खाणाऱ्यांची मालवणात उपेक्षा होते असा समज आहे. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी ज्याने खाल्ली आहे, तो असे म्हणणार नाही. वाटाणा नीट शिजला आहे ना, एवढे पाहावे.

जेवणानंतर लगेच उठू नये. वृद्धापकाळी भरपेट जेवणाने रक्तदाब उतरतो, विशेषतः पार्किन्सन आणि जुना मधुमेह असलेल्यांचा, आणि दोन तासांपर्यंत तोल जाण्याचा संभव राहतो. म्हणून किल्ला सकाळी पाहावा, होडीतली चढउतार आणि आतली उन्हातली चाल रिकाम्यासारख्या हलक्या पोटी करावी, आणि जेवण नंतर. जेवून धक्क्यावर धावणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. जेवून उठवण्याची घाई करणारी खानावळ, ताट कितीही चवदार असले तरी, ज्येष्ठांसाठी नाही.

जवळ ठेवण्याजोगे थोडेच: साखर, औषधांची यादी, पाण्याची बाटली. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला, आणि रुग्णवाहिकेसाठी 108.

दुपारचे ताट असे झाले, की रात्री पुन्हा मासळीच हवी असा आग्रह नसावा. तिखट खाऊन लगेच आडवे झाल्यास छातीत जळजळते आणि मग सारे घर जागते. उतरलेल्या घरी सकाळीच विचारून ठेवावे, रात्री लवकर गरम पेज मिळेल का. बहुतेक घरी ती मिळते, आणि सोबत काय हवे, हे तिथल्या वहिनी आजींनाच विचारतात.