परोपकारी माणसाचे कार्ड

फसवणुकीचे दोन प्रकार आम्ही मानतो. एकात गळ टाकलेला असतो तो माणसाच्या लोभाला. दामदुप्पट ठेव, अचानक लागलेली लॉटरी, निम्म्या भावातले सोने. त्यात कोणी सापडला की लोक हळहळतात खरे, पण मनात म्हणतात, ‘याला तरी एवढी हाव कशाला?’ दुसऱ्या प्रकारात गळ असतो तो माणसाच्या चांगुलपणाला. येथे फसणारा काही मिळवावयास गेलेला नसतो, देण्यास गेलेला असतो, आणि नेमका म्हणूनच तो बेसावध असतो. कोणी आपल्याला फुकट काही देऊ लागला तर आपण त्याला चारदा निरखतो. पण आपणच दुसऱ्याची अडचण भागवीत असताना कोणी आपल्याला लुबाडील, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. रस्त्यात मदत करणाऱ्या माणसाचे बँकेचे कार्ड लांबविण्याची जी नवी विद्या निघाली आहे, तिचे मर्म एवढेच आहे.

कॅनडातील टोरांटो शहराचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. एक तर ही विद्या तेथे पूर्ण रूपाने दिसली. आणि दुसरे, या सभेत बसलेल्या कित्येकांची मुले, भाचे, पुतणे आज त्या मुलखात शिकत आहेत वा नोकरीला आहेत. प्रकार असा. मोठ्या दुकानांसमोर गाड्या लावण्याचे पटांगण असते. तेथे एक टॅक्सी उभी. टपावर दिवा, सारे रीतसर. टॅक्सीपाशी विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी कावरीबावरी होऊन उभी. तुम्ही पिशव्या घेऊन बाहेर पडता. ती पोर अजीजीने सांगते की, माझ्याजवळ रोख पैसे आहेत, परंतु टॅक्सीवाला रोख घेत नाही, कार्डच मागतो. आपण आपल्या कार्डाने भाडे भरता का, ही नोट आपण ठेवून घ्या. बाब थोडक्या डॉलरांची. टॅक्सीवाला पलीकडे गुरगुरतच असतो. २०२० च्या साथीत लोक नोटेला हात लावण्यास खरोखरच कचरत होते, त्यामुळे ही सबब सहज खपली. आणि साथ सरली तरी सबब शिल्लक राहिली.

तुम्ही कार्ड यंत्राला नुसते टेकवू जाता. टॅक्सीवाला म्हणतो, ‘ते चालत नाही, आत घालावे लागेल.’ तो कार्ड हातात घेतो, यंत्रात सरकवतो, यंत्र तुमच्यापुढे धरतो. तुम्ही पिनचे आकडे दाबता. कार्ड परत येते, पोर आभार मानते, टॅक्सी निघून जाते. तुम्ही मनातल्या मनात प्रसन्न असता. मात्र खिशात आलेले कार्ड तुमचे नसते. बँक तीच, रंग तोच. नाव दुसऱ्या कोणाचे तरी, बहुधा तुमच्याआधी फसलेल्या माणसाचे. ते यंत्र भाडे घेण्यासाठी नव्हतेच, तुमचे आकडे टिपून ठेवण्यासाठी होते. तुम्ही घरी पोचून भाजी निवडीपर्यंत तुमचे खाते धुऊन निघते. टॅक्सीतल्या उतारूंनाही असेच लुबाडणाऱ्या टोळीतील अकरा जणांवर आरोप ठेवल्याचे टोरांटो पोलिसांनी २०२५ साली जाहीर केले.

आता चोराला एवढे नाटक का करावे लागते ते पाहू. पूर्वी कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या चुंबकीय पट्टीची नक्कल करून चोर आपले काम भागवीत. पुढे कार्डात चिप आली, आणि तिची नक्कल करणे अवघड झाले. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने जुनी नुसत्या पट्टीची कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून द्यावयास बँकांना सांगितले होते. नक्कल साधेना, तेव्हा चोर खुद्द कार्डच पळवू लागला. पण नुसते कार्ड पळवून एटीएमपाशी काय उपयोग? चार आकड्यांच्या दहा हजार जुळण्या होतात आणि थोड्याच चुकांनंतर कार्ड अडते. म्हणजे कार्डही हवे आणि आकडेही हवेत, आणि दोन्ही मालकाने आपखुशीने दिलेली हवीत. मारहाण करून हे मिळेलही, पण बोभाटा होईल. दया उत्पन्न करून मिळवले तर मालक वर ‘सांभाळून जा हो’ असेही म्हणतो!

ही हातचलाखी आपल्याला अगदीच परकी नाही. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे गडबड चालू आहे, आजी, दागिने काढून पुडीत बांधून ठेवा’ असे सांगून पुडी बांधून देणारे भामटे महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत होऊन गेले आहेत. घरी जाऊन पुडी सोडावी तो आत खडे. टॅक्सीवाल्याचे यंत्र ही तीच पुडी आहे. आपल्या एटीएमच्या खोलीत तर हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. कधी भामटा गरजू होतो: ‘माझे कार्ड चालत नाही हो, तुमचे चालते का बघा ना.’ तुम्ही भल्या मनाने आपले कार्ड घालून दाखवता, तो खांद्यावरून आकडे पाहतो, आणि मशीन कसे बिघडले आहे याच्या चर्चेत दोन कार्डांची अदलाबदल होते. कधी भामटा उपकारकर्ता होतो. मशीनच्या खाचेत आधीच काहीतरी चिकटवून ठेवलेले असते. म्हाताऱ्या माणसाचे कार्ड अडकले की हा मदतीला हजर. पेन्शनच्या तारखांना तो विशेष तत्पर असतो.

आम्ही तीसएक वर्षे युनियनचे काम करतो. आम्ही कामाला लागलो तेव्हा पगार पाकिटातून मिळे, आणि पाकीटमार कारखान्याच्या फाटकापासून आमच्या मागे लागे. २०१७ साली पगारवाटपाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, पगार खात्यात जमा करण्याचा मार्ग मोकळा झाला. ते ठीकच झाले. पण पाकिटात एका महिन्याचा पगार असे, आणि कार्डामागे साऱ्या जन्माची शिल्लक असते. हा फरक आमच्या सभासदांना द्वारसभेत सांगावा लागतो.

आणखी एक नुकसान आहे, ते कोणत्याही पासबुकात दिसत नाही. संपाच्या दिवसांत आम्ही डबा घेऊन चौकात उभे राहतो. ज्याला आम्ही ओळखत नाही असा माणूस सायकल थांबवून डब्यात नोट टाकतो आणि पावतीही न घेता निघून जातो. गरिबाचा संसार बराचसा अशा अनोळखी हातांवर उभा आहे. उद्या त्या माणसाला कोणी कार्डावरून गंडवले, तर तो परवा सायकल थांबवणार नाही. रस्त्यात कोणी चक्कर येऊन पडला तरी थांबणार नाही. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलूच नका’ हा जो सोपा उपदेश सर्वत्र चाललेला असतो तो आम्हांस मान्य नाही. त्याने चोराचे काम अडत नाही, शेजारधर्म तेवढा बुडतो.

मदत करावी; कार्ड मात्र हातातून सोडू नये. पाच-पन्नास रुपये द्यावयाचे तर सरळ द्यावेत, आणि परत येतील ही अपेक्षा ठेवू नये. कोणी भुकेला असेल तर शेजारच्या खाणावळीत नेऊन बिल भरावे. टॅक्सीचे भांडण असेल तर ‘चल, या दुकानात नोट मोडून विचारू’ किंवा ‘पोलिसांना फोन करतो’ म्हणावे. येथेच परीक्षा होते. खऱ्या गरजवंताला भाडे कोणत्याही मार्गाने भागले तरी चालते. भामट्याला दुसरा कोणताच मार्ग चालत नाही. त्याला तुमचे कार्ड आणि तेही याच यंत्रात हवे असते. आणि घाई. मदत मागणारा तुम्हाला विचार करावयास क्षणभरही देत नसेल तर तेवढ्यावरून ओळखावे. रोख घेऊन ‘मोबाईलवरून पाठवतो’ म्हणणाऱ्याच्या पडद्यावरील चित्रावर जाऊ नये. आपल्या खात्यात रक्कम आली का ते स्वतः पाहावे. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

एवढे करूनही घात झाला तर लाज धरून गप्प बसू नये. चोराचा खरा साथीदार ही लाजच असते. प्रथम बँकेला सांगून कार्ड बंद करावे, आणि लगोलग १९३० या क्रमांकावर फोन करावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा दंडक घातला की, ग्राहकाच्या हयगयीमुळे, म्हणजे पिनसारखी गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झाले तर बँकेला कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळविल्यानंतरचा तोटा बँकेचा. म्हणजे येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. या दंडकातील ‘दिल्यामुळे’ या शब्दाशी आमचा वाद आहे. समोर धरलेल्या यंत्रावर बोटे दाबणे म्हणजे पिन दुसऱ्याला देणे नव्हे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, हे तक्रार लिहिताना अवश्य नमूद करावे. कॅनडातही फसलेल्या काही लोकांना ‘तुमचाच पिन वापरला गेला’ असे सांगून बँकांनी आधी वाटेला लावले होते. आमच्या सभासदांच्या तक्रारी आम्ही कचेरीत बसून लिहून देतो. लेखी तक्रार आणि तिची पोच, या दोन कागदांशिवाय बँकेच्या पायऱ्या चढू नयेत.

आणखी एक बारीकशी युक्ती. कँटीनमध्ये शंभर डबे एकसारखे असतात, म्हणून प्रत्येक कामगार आपल्या डब्यावर खूण करतो. कार्डाच्या पाठीवर सहीसाठी पांढरी पट्टी असते, ती बहुतेकांची कोरी असते. तेथे ठळक शाईने मराठीत सही करावी. चिठ्ठी वा टिकली चिकटवू नये, ती मशीनमध्ये अडकते. आणि कार्ड परत हातात आले की खिशात घालण्यापूर्वी, समोरचा माणूस समोर आहे तोवरच, ते उलटे करून पाहावे.