नपुंसकत्व : कारणे व उपचार

आजचा विषय घरात कोणी काढीत नाही, मित्रमंडळीत तो थट्टेने निघतो, आणि रुळांकडेच्या भिंतींवर मात्र हातभर अक्षरांत रंगविलेला असतो. महाराष्ट्रात या गोष्टी उघडपणे मांडण्याचे काम र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केले. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला व १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी कोर्टात त्यांची बाजू मांडली. नपुंसक हा शब्द आम्हांस तितकासा रुचत नाही. तो दुखण्याऐवजी माणसालाच नाव ठेवतो. परंतु रूढ आहे म्हणून वापरतो.

शिश्नात हाड नाही, आणि त्याचा ताठरपणा म्हणजे दंडाच्या स्नायूचे बळही नव्हे. आत स्पंजासारख्या दोन नळ्या आहेत. इच्छा उपजली की मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साईड सुटतो, रक्तवाहिन्या सैल होतात, नळ्या रक्ताने भरतात, आणि त्यांच्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटतात. आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी साठते ते असेच : पाट मोकळा हवा आणि धुरा फुटका नको. आणखी एक, पाटकरी भ्यालेला नको! मनात धास्ती असली की रक्तवाहिन्या आकसतात. तरुण माणसाला पहाटे ताठरपणा येतो आणि पत्नीजवळ मात्र येत नाही, तेव्हा पाट बहुधा ठीक असतो, कारण मनात शोधावे लागते. ‘धातू गेल्याने’ शक्ती जाते ही समजूत या धास्तीत मोठी भर घालते. तिला आधार नाही.

चाळिशीनंतर मात्र पाटाकडेच पाहावे. मधुमेह, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांनी रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. हृदयाच्या रोहिण्या तीन-चार मिलिमीटर रुंद, शिश्नाच्या एक-दोन. म्हणून अडथळा आधी येथे जाणवतो आणि छातीतली कळ पुष्कळदा दोन ते पाच वर्षांनी येते. ही आगाऊ वर्दी लाजेपायी दडविणे फार महाग पडते. आमच्या जिल्ह्यातील जंगलांचा तेंदूपत्ता विडीला जातो, त्यावर अनेक घरे चालतात, हे आम्ही जाणतो. तरी त्या पानात गुंडाळलेली तंबाखू याच रोहिण्यांवर घाव घालते, हे सांगणे भाग आहे.

आता या भागापुरती एक गोष्ट, आणि आमच्या मते आजची सर्वांत महत्त्वाची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या रोगात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात व कधी शिश्नातून रक्त परत जाण्याची वाटच अडवितात. मग इच्छा नसताना, दुखत, ताठरपणा तासन्‌तास राहतो. पोरसवदा मुलगा हे आईला सांगणार तरी कसे? तो रात्र काढतो. चार तास उलटले की हे तातडीचे दुखणे ठरते. सुईने रक्त काढून वा औषध टोचून ते उतरविता येते. दिवसभर तसेच राहिले तर आतला स्पंज मरतो, आणि विशीतच कायमचे नपुंसकत्व येऊ शकते. सिकलसेलचा मुलगा ज्या घरी आहे, तेथे बापाने वा मामाने ही गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री-अपरात्री निघावे, सकाळची वाट पाहू नये.

इतरांच्या बाबतीत डॉक्टर प्रथम साखर, रक्तदाब, चरबी आणि गरजेनुसार सकाळच्या रक्तातील पुरुष-संप्रेरक तपासतात. चालू गोळ्यांची नावे त्यांना सांगावीत. रक्तदाबाच्या व मानसिक विकारांच्या काही औषधांनीही हा त्रास होतो, मात्र ती आपल्या मनाने बंद करू नयेत. १९९८ साली अमेरिकेत सिल्डेनाफिलला मान्यता मिळाली. ही गोळी इच्छा निर्माण करीत नाही, पाट तेवढा मोकळा करते. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती मुळीच घेऊ नये. दोन्हींच्या मेळाने रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. भिंतीवरच्या जाहिरातींतील ‘जडीबुटी’च्या पुड्यांचा धोका नेमका येथे आहे, कारण अशा पुड्यांत हेच औषध न सांगता मिसळलेले अनेकदा सापडले आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. गोळीने गुण आला नाही तर हवा ओढणारा पंप, शिश्नात टोचायचे औषध, आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसविण्याची कांडी, हे उपाय उरतात. धास्ती हेच कारण असेल तर डॉक्टरांकडे पती-पत्नींनी जोडीने गेलेले बरे.