मैदानावरून नाहीशा होणाऱ्या मुली

मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१७ साली भारतीय महिलांत पहिली आली ती परभणीची ज्योती गवते. तिने २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. पुढची तीनही वर्षे ती दुसरी आली आणि तिन्ही वेळा तिच्या पुढे होती ऑलिम्पियन सुधा सिंग. २०१९ मध्ये ज्योतीची वेळ होती २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद, म्हणजे दोन वर्षांत पाच मिनिटांची सुधारणा. तिचे प्रशिक्षक रवी रासकटला हेही परभणीचेच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या गावात लांब पल्ल्याची धावपटू घडते, याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

याच जिल्ह्याची आणखी एक नोंद आहे, तिचे कौतुक कोणी करणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारले गेले. त्यांतील ४८ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. संपूर्ण महाराष्ट्राची सरासरी सुमारे २२ टक्के आहे. राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण परभणीइतके नव्हते.

मुलींच्या खेळाबद्दल परभणीत बोलायचे तर हा आकडा बाजूला ठेवून बोलता येत नाही. पाचवी-सहावीत खो-खोच्या पाटीवर बसायला, लंगडी घालायला, शंभर मीटर धावायला मुली उत्साहाने येतात. आठवी-नववीत त्यांची संख्या रोडावते. पाळी सुरू झालेली असते, मैदानावर स्वच्छतागृह नसते, धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, आणि ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य घरात रोज ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करायला हवा. संघटनेच्याच तज्ज्ञांनी २०१६ पर्यंतची माहिती तपासली तेव्हा भारतातील ११ ते १७ वयोगटातील सुमारे ७४ टक्के मुलेमुली तेवढा व्यायाम करत नसल्याचे दिसले. त्यातही मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त.

शरीराच्या हिशेबात ही वर्षे फार महागाची असतात. हाडांचे आयुष्यभराचे भांडवल बहुतांश याच काळात जमा होते. मुलींमध्ये अठराव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के हाड तयार झालेले असते. उड्या, धावणे, अचानक थांबणे-वळणे यांचा ताण हाडावर पडला की ते घट्ट होते. हे खो-खो आणि कबड्डीत आपोआप होते. चाळिशीनंतर कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन त्याची पूर्ण भरपाई होत नाही.

खेळाचा फायदा शरीरापुरता असता, तर घरच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारूनही बरेचसे काम भागले असते. किशोरवयीन मुलांच्या विकासाचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लर्नर आणि त्यांचे सहकारी पाच गोष्टी मोजतात: क्षमता, आत्मविश्वास, माणसांशी जोडलेपण, चारित्र्य आणि इतरांबद्दलची आस्था. मुलांकडे ‘बिघडू नयेत म्हणून सांभाळायची’ अडचण म्हणून न पाहता, वाढवता येईल अशी ताकद म्हणून पाहायचे, असा या विचाराचा रोख आहे. या पाचांतली एकही गोष्ट चेंडूतून किंवा ट्रॅकमधून उगवत नाही. त्यासाठी मैदानावर एक मोठे माणूस लागते, आणि ते कसे वागते यावर बरेच काही ठरते.

याची एक चांगली परीक्षा अमेरिकेत झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांसाठी जेमतेम अडीच तासांची कार्यशाळा तयार केली. शिकवण साधी होती. चांगल्या खेळाइतकीच मेहनतीचीही दखल घ्या. चूक झाली की आधी धीर द्या, मग नेमके काय सुधारायचे ते सांगा. चारचौघांत अपमान करू नका. त्यांच्या १९९२ च्या अभ्यासात, कार्यशाळा न झालेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला. कार्यशाळा झालेल्यांच्या संघांत हे प्रमाण ५ टक्के होते. संघ किती सामने जिंकला-हरला याने हा फरक पडला नव्हता. ज्या मुलांना स्वतःबद्दल फारसे बरे वाटत नसे, त्यांना याचा विशेष लाभ झाला. ती मुले अमेरिकी होती आणि मुलगे होते, त्यामुळे परभणीच्या मुलींना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ‘मारल्याशिवाय खेळाडू घडत नाही’ असे मानणाऱ्यांनी ते एकदा वाचावेत असे आहेत.

मराठवाड्यातच याचे एक उदाहरण आहे. भारतीय खो-खो संघाची माजी कर्णधार सारिका काळे ही उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. घरची गरिबी एवढी की अनेक वर्षे एका वेळच्या जेवणावर दिवस काढल्याचे तिने स्वतः सांगितले आहे. तिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिच्याशी बोलून तिला मैदानावर परत आणले. पुढे ती शासनाच्या क्रीडा खात्यात अधिकारी झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. या गोष्टीत पदकाइतकाच महत्त्वाचा आहे तो मधला प्रसंग. मुलगी आली नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि तो माणूस बोलायला गेला.

गैरहजेरीची ही दखल परभणीसारख्या जिल्ह्यात फार मोलाची ठरते. शाळेच्या पटावर मुलीचे नाव महिनोन् महिने राहू शकते. सात खेळाडूंच्या कबड्डी संघात एक जण तीन दिवस आली नाही तर सरावच अडतो, आणि मैत्रिणींना कारण बहुतेक वेळा ठाऊक असते. गंगाखेड, सोनपेठ भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे अधिकच खरे. आईवडील कारखान्याकडे जातात, मुलगी आजीजवळ राहते, आणि तिच्या काळजीपोटीच लग्न लवकर उरकण्याचा विचार होतो. त्या आईबापांना दुष्ट ठरवून काही साधत नाही. मुलगी सुरक्षित कुठे राहील, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. रोज संध्याकाळी दोन तास ती कोणाच्या नजरेखाली आहे याचे उत्तर मैदान देऊ शकते, पण ते मैदान गावाला विश्वासाचे वाटले तरच. बालविवाहाची कुणकुण लागली तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. खेळ शिकवणाऱ्या प्रत्येक सरांना आणि ताईंना एवढे तरी माहीत असायला हवे.

खेळामुळे बालविवाह थांबतात असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. मुंबईत इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन या संस्थेने ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम चालवला. त्यात आधी क्रिकेट प्रशिक्षकांना तयार करून त्यांच्यामार्फत मुलग्यांशी मुलींबद्दलच्या आदराविषयी, हिंसेविषयी बोलणे सुरू केले. मुलग्यांची मते बदललेली दिसली. पण डोळ्यांसमोर त्रास दिला जात असताना मध्ये पडण्याच्या बाबतीत फरक तितका ठळक नव्हता. नंतर गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीत ‘अपनालय’ या संस्थेबरोबर मुलींसाठी कबड्डी सुरू झाली. वस्तीतल्याच तरुण स्त्रियांना मार्गदर्शक म्हणून तयार केले गेले. मुलींचा आत्मविश्वास वाढला, घराबाहेर पडणे वाढले. मतांत बदल लवकर होतो, घराच्या निर्णयांत उशिरा. गावात लग्नाचा निर्णय मुलगी घेत नसते, तेव्हा तिच्या आत्मविश्वासाबरोबर तिच्या बापाशी आणि आजीशीही कोणीतरी बोलायला लागते. गोवंडीतली वस्तीतली ताई तिथे उपयोगी पडते, कारण तिची आई आणि मुलीची आई एकमेकींना ओळखत असतात.

आता थोडे रक्ताबद्दल. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि किशोरींची स्थिती याहून बरी नाही. हिमोग्लोबिन कमी असले की स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो. मुलगी दुसऱ्याच फेरीला धापा टाकते, पाय भरून येतात, ती मागे पडते. मैदानावर याला ‘आळशी आहे’, ‘स्टॅमिना नाही’ असे म्हटले जाते आणि आणखी दोन फेऱ्यांची शिक्षा होते. खरे तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासायला हवे. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खेळणाऱ्या मुलीने चुकवू नये, आणि ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. सराव वाढला पण ताटातले अन्न वाढले नाही, तर काही मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते. ‘बरेच झाले, कटकट गेली’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्यात धोका आहे, कारण त्या वेळी हाडेही ठिसूळ होत असतात. पुरुष प्रशिक्षकाला हे विचारणे अवघड जाते. म्हणून संघाबरोबर एखादी शिक्षिका, आशाताई किंवा मोठी खेळाडू असणे ही आरोग्याची गरज आहे. अर्थात मुलींच्या सुरक्षिततेसाठीही तिचे असणे आवश्यकच आहे.

उन्हाचे तर सांगायलाच नको. मार्चपासून सराव सकाळी लवकर आटोपावा, नव्या मुलीला एक-दोन आठवडे हळूहळू सवय होऊ द्यावी, पाणी मागितल्यावर नव्हे तर ठरावीक वेळाने द्यावे. चक्कर, मळमळ, बडबडल्यासारखे बोलणे दिसले की खेळ थांबवून सावली, ओले फडके आणि दवाखाना.

पालकांना पटणारी आणखी एक बाब आहे. स्पर्धेच्या पातळीनुसार दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांमुळे ‘खेळून काय मिळणार’ या प्रश्नाला गावात उत्तर असते. मात्र हे थोड्यांनाच मिळते. जिल्ह्यात ज्योती गवते एखादीच घडते. चाळीस मुलींच्या गटातल्या उरलेल्या एकोणचाळीस जणींना मैदानाने काय दिले, हे कोणी मोजत नाही. मोजायचे ठरवले तर अवघड काही नाही. आठवीत सरावाला येणाऱ्या किती मुली दहावीतही येत होत्या, आणि ज्या आल्या नाहीत त्या कुठे गेल्या, एवढी वही ठेवली तरी पुरे.

शालेय स्पर्धांचे वेळापत्रकही जरा पाहण्यासारखे आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा साधारण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत होतात. संघ हरला की सराव संपतो, जाळी गुंडाळली जाते, शिट्टी कपाटात जाते. आणि दिवाळीनंतरच ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तुळशीचे लग्न लागते, लग्नतिथी सुरू होतात. मुलीवर कोणाची तरी नजर असण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच मैदान ओस पडलेले असते. डिसेंबर-जानेवारीत परभणीत कडाक्याची थंडी असते, आणि धावायला वर्षातला हाच सर्वांत चांगला काळ. तेवढे महिने सराव चालू ठेवायला लागते ते एक मैदान, एक बादली पाणी आणि रोज येणारे एक माणूस.