चिंगमचे रसग्रहण

बी. ए.च्या वर्गात रससिद्धान्त शिकवताना दर वर्षी एका जागी हशा पिकतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाला 'चर्वणा' असा शब्द वापरला आहे. चर्वणा म्हणजे चघळणे. आणि ही चर्वणा चालू असेल तोवरच रस, ती संपली की रसही संपला, असा त्याचा अभिप्राय. काश्मिरातल्या त्या थोर पंडिताचे हजार वर्षांपूर्वीचे हे मत मी मोठ्या गांभीर्याने मांडत असतो, आणि नेमके त्याच वेळी मागच्या बाकावर चार-पाच जबडे संथपणे हलत असतात. पुढच्या बाकावरच्या मुली वळून पाहतात, आणि शास्त्रकारांनी सांगितलेल्या रसविघ्नांत आणखी एकाची भर पडते.

त्या मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी आज मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. गेल्या वर्षी रजेवर येण्यापूर्वी त्याने विचारले, "सर, तुमच्यासाठी काय आणू?" मी म्हटले, "ज्याच्यापायी तुला वर्गाबाहेर काढीत होतो तेच आण. मात्र आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ते नको. त्या त्या देशाचे लोक जे चघळतात ते आण. जितके विचित्र तितके बरे." मुलगा भलताच आज्ञाधारक निघाला. (वर्गात असा असता तर!) काही स्वतः, काही दोस्तांकरवी, असे करून त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून आणला. त्यात च्युइंगमचे, म्हणजे आमची सगळी पिढी ज्याला चिंगम म्हणत आली त्याचे, अकरा प्रकार होते.

परीक्षक झालो म्हणजे नियम आलेच. गुण दहा. पहिल्या मिनिटाला चार, पाचव्या मिनिटाला तीन आणि पंधराव्या मिनिटाला तीन. रोज संध्याकाळी एकच प्रकार, कारण जबडा आपलाच असतो. आधी पाण्याचा घोट आणि पोळीचा कोरडा तुकडा. परीक्षक चौघे: मी, सौ., इयत्ता नववीतले चिरंजीव आणि माझी थोरली बहीण अक्का.

अक्काला मंडळात घ्यावे की नाही याचा मी दोन दिवस विचार करीत होतो. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती घरीच पंधरा दिवस तापाने निजून होती. ताप गेला, खोकला गेला. वास मात्र जो गेला तो परत आलाच नाही. जिच्या हातची फोडणी ओट्यापासून चार हातांवर उभे राहून 'आता मोहरी जळतेय' म्हणून ओळखण्यात हयात गेली, तिच्या समोर दूध करपले तरी तिला कळेना. गॅस चालू राहिला तर कळायचे नाही, म्हणून मुलाने तिला एकटीला स्वयंपाक करू देणे बंद केले. ती आमच्याकडे राहायला आली ती याच कारणाने. जेवणाबद्दल विचारले तर एकच उत्तर: "ऊन असलं की ऊन लागतं, तिखट असलं की झोंबतं. बाकी भाकरी काय नि पुठ्ठा काय!" दिवाळीत चकल्यांची भाजणी चाखायला तिच्यापुढे धरली, तर तिने हात मागे घेतला. "मला कशाला विचारता?" एवढेच म्हणाली. त्यानंतर सौ.ने विचारणे सोडले, आणि ते अक्काला अधिक लागले.

आता वाचकांनी एक प्रयोग करावा. नाक चिमटीत घट्ट धरावे आणि चमचाभर बडीशेप चावावी. थोडे गोड लागेल, इतकेच. बडीशेपेचे बडीशेपपण कुठेच सापडणार नाही. मग नाक सोडावे. ती एकदम अवतरेल. ज्याला आपण तोंडाची चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो. जिभेच्या पदरात गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानी लोक ज्याला उमामी म्हणतात ती मांसरसासारखी एक, एवढेच पडते. पुदिन्याचा गारवा आणि मिरचीचा झोंबरेपणा हे तर चवही नव्हेत आणि वासही नव्हेत; गार-गरम, बोचरे-दुखरे कळवणाऱ्या निराळ्याच नसांचे ते काम. तेव्हा अक्कापाशी सगळेच गेलेले नव्हते. काय उरले आहे हे मात्र कोणी नीट तपासले नव्हते. मी तिला म्हटले, "तू आमच्यासारखेच गुण द्यायचे. सवलत नाही." ती म्हणाली, "सवलत मागितलीय कुणी?"

पहिल्या दिवशी काढले अमेरिकेचे ब्लॅक जॅक. हे चिंगमांतले घराणेदार. न्यू यॉर्कच्या टॉमस ॲडम्स नावाच्या गृहस्थाकडे मेक्सिकोचा परागंदा सेनापती सांता आना याच्यामार्फत 'चिकल' आला, म्हणजे तिकडच्या चिकूच्या झाडाचा चीक. त्यापासून रबर करावे असा बेत होता. रबर काही होईना, तेव्हा ॲडम्सने तो चघळायला विकला आणि १८७१ साली त्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८८४ च्या सुमारास निघालेले हे ब्लॅक जॅक ज्येष्ठमधाच्या चवीचे. पट्टी करड्या-काळ्या रंगाची, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी. चवीत ज्येष्ठमधापेक्षा बडीशेपच अधिक. कीर्तनकार बुवांनी आख्यानापूर्वी तोंडात धरावे असे सात्त्विक प्रकरण. माझे सात, सौ.चे सात, अक्काचे तीन. "गोड आहे. संपलं," हा तिचा शेरा.

पाचव्या मिनिटाला सगळ्यांचाच रस ओसरला. चिंगमचा हा जुना दोष आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली यावर मोठी गंमतीची गोष्ट दाखवली. पुदिन्याचे चिंगम चघळणाऱ्या माणसांच्या नाकातली हवा त्यांनी मोजली. चव संपली असे माणसे सांगत होती तेव्हाही पुदिन्याचा अंश नाकात होताच. ओसरली होती ती साखर. साखर गेली की मेंदू म्हणतो पुदिनाही गेला. मी लगेच चिमूटभर साखर तोंडात टाकून पाहिली, आणि मेलेले चिंगम खरोखरच उठून बसले! चिरंजीवांना हा प्रयोग इतका आवडला की साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवावा लागला.

दुसरे लवंगेचे. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात तोंडाचा वास लपवायला ते खपे असे सांगतात. लवंग ती लवंग; आपल्याला तिचे काय कौतुक? मी सहा दिले. अक्का मात्र बराच वेळ चघळीत राहिली. वास गेलेल्यांना डॉक्टर रोज दोनदा चार गोष्टी हुंगायला सांगतात: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. ड्रेस्डेनच्या टॉमस हुमेल यांनी २००९ साली या सरावाचा गुण येतो असे दाखवले, तेव्हापासून ही चौकडी जगभर चालू आहे. अक्काने तीन महिने त्या चार बाटल्या नेमाने हुंगल्या आणि मग त्या कपाटात ठेवून दिल्या. आता ती काय बोलते याकडे आमचे तिघांचे डोळे लागले. ती म्हणाली, "वास नाही रे. पण जिभेचं टोक बधिर झालं. दाढदुखीला लवंग धरतो ना, तसं." आणि तिने पाच गुण लिहिले. का पाच, हे मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशीच्या चिंगमाबद्दल थोडक्यात आटपतो. गंमतीच्या वस्तू विकणाऱ्या परदेशातल्या एका दुकानाने लोणच्याच्या चवीच्या हिरव्या गोळ्या काढल्या आहेत. लोणचे म्हणजे तिकडचे: काकडी, शिरका आणि शेपू. त्यावर साखर! शेपूच्या भाजीवरून आमच्या घरात आधीच दोन पक्ष आहेत. त्या संध्याकाळी ते प्रथमच एक झाले. "हा लोणचं घालणाऱ्या बायकांचा अपमान आहे," असे म्हणून सौ. उठल्या. सर्वानुमते एक गुण, तोही रंगाला.

फिनलंडचे साल्मिआक्की हे खरे प्रकरण. काळी, चौकोनी, निरुपद्रवी दिसणारी गोळी. दात लावला आणि मला एकदम आमच्या आळीतला कल्हईवाला आठवला. तापलेल्या पातेल्यात तो चिमूटभर नवसागर टाकी, पांढरा धूर उठे आणि कापसाच्या बोळ्याने तो कथील फिरवी. साल्मिआक्कीत ज्येष्ठमधाबरोबर घालतात तो हाच नवसागर, त्याचे रासायनिक नाव अमोनियम क्लोराइड. उत्तर युरोपातली मुले तो खाऊ म्हणून मागतात! चिरंजीवांनी मोरी गाठली. सौ.ने कागदावर शून्य लिहून त्याला दोनदा अधोरेखित केले. मी तीन गुण दिले, तेही बालपणासाठी. आणि अक्का? ती सरळ होऊन बसली. "अरे, ह्याला चव आहे!" ती म्हणाली. "खारट आहे, थोडं कडसर आहे, आणि घशाशी झोंबतंय. मला कळतंय!" पंधरा मिनिटे ती गोळी तिने सोडली नाही. गुण सात.

येथून परीक्षेचा रंग बदलला. जपानचे, लोत्ते कंपनीचे 'ब्लॅकब्लॅक' निघाले. झोप उडवायला त्यात कॅफीन असते, आणि गारवा तर असा की दाताच्या मुळाशी बर्फ ठेवल्यासारखे वाटावे. अक्काच्या डोळ्यांना पाणी आले. "डोक्यात वारं शिरलं," म्हणाली आणि हसली. आठ गुण. पुढे त्याच कंपनीचे 'उमे'. उमे हे जर्दाळूच्या जवळचे आंबट फळ. जपानी लोक ते मिठात मुरवून भाताबरोबर खातात. चिंगम म्हणजे त्या लोणच्याची सावली: आधी आंबट, मग खारट, मागून गोड. मला ते आवळ्याच्या सुपारीइतकेच भावले, सहा दिले. अक्काने नऊ दिले आणि दुसरी पट्टी मागितली. नियमात बसत नव्हते, दिली. त्या रात्री जेवताना आमटीचा घोट घेऊन ती म्हणाली, "ह्यात आमसूल कमी पडलंय." सौ. काही न बोलता उठली आणि दोन आमसुले टाकून आमटी पुन्हा उकळून घेऊन आली. भाजणीच्या वेळेपासून आमच्या घरात कोणी अक्काचा अभिप्राय असा अमलात आणला नव्हता.

माझा पहिला क्रमांक मात्र ग्रीसच्या कीओस बेटावरच्या मस्तकीला. ही खरी आदिमाता. बेटाच्या दक्षिण भागात पिस्त्याच्या जातीची झुडपे आहेत; त्यांच्या सालीला चिरा देतात आणि गळणारा चीक वाळून त्याचे खडे होतात. या विद्येला २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात 'रूमी मस्तकी' मिळते ती हीच. माझ्या विद्यार्थ्याने चिंगमच्या पट्ट्यांऐवजी मुद्दाम कच्चे खडे आणले होते. खडा दाताखाली भुगा होतो आणि कडवट लागतो. घाई करणारा येथेच थुंकून टाकील. मिनिटभर धीर धरला की त्याचा पांढरा, मऊ गोळा होतो आणि देवदारासारखा थंड, स्वच्छ दरवळ पसरतो. त्यात साखर नसते, म्हणून साखर गेल्याचे दुःख नाही. पंधराव्या मिनिटाला दरवळ होता, चाळिसाव्यालाही होता. अभिनवगुप्ताची चर्वणा मला येथे भेटली! साडेनऊ गुण.

अक्काचे दोन. "खडू चावल्यासारखं आहे."

तुर्कस्तानचे 'फालिम' याच कुळातले, पण फिके. मात्र त्याच्या कागदाच्या आत यमक जुळवून लिहिलेले भविष्य असते. विद्यार्थ्याने मोबाइलवर भाषांतर करून दाखवले. भविष्य बरे होते, यमक भाषांतरात वाहून गेले. चवीला चार, वाङ्मयसेवेला एक. उरलेल्या तिघांत एक कॉफीचे, एक टरबुजाचे आणि एक रंगावरूनही ओळखू न आलेले. त्यांना काठावर पास केले.

निकालाची बेरीज करायला बसलो तेव्हा पंचाईत उभी राहिली. मस्तकीचे माझे साडेनऊ आणि अक्काचे दोन यांची सरासरी पावणेसहा. हे पावणेसहा कोणाचे? ते माझे नाहीत, तिचेही नाहीत. चिरंजीव म्हणाले, "आत्याचे गुण धरू नका ना, तिला वासच येत नाही." सौ.ने त्याच्याकडे असे पाहिले की तो साखरेच्या डब्याकडेसुद्धा वळला नाही. मी त्याला विचारले, साल्मिआक्की पंधरा मिनिटे कोणी चघळली? तू मोरीवर होतास, आई शून्याखाली रेघा ओढीत होती, मी कल्हईवाल्याच्या धुरात होतो. त्या गोळीत काय काय आहे हे एकीनेच नीट सांगितले. वासाच्या दिमाखापुढे आंबट-खारटाला आपण किती कमी लक्ष देतो, हे मला तिच्या गुणांवरून दिसले. सरासरी काढली नाही. वहीत दोन रकाने आखले, एक वासासकट आणि एक वासाविना, आणि दोन्हींत पहिले क्रमांक वेगळे लावले: तिकडे मस्तकी, इकडे उमे.

अक्काने वही पाहिली आणि तिच्या रकान्यात लोणच्याच्या गोळीला दिलेला एक गुण खोडून अडीच केला. "आंबट होती की ती," म्हणाली. लवंगेचे पाच तिने तसेच ठेवले.

विद्यार्थ्याचे जहाज आता पुन्हा निघाले आहे. परवा त्याने दूरध्वनीवरून विचारले, या खेपेला काय आणू? मी काही सुचवण्यापूर्वीच अक्काने हातातून फोन घेतला. "बाळा, आंबट-खारट असेल ते माझ्यासाठी आण," ती म्हणाली. "वासाचं तुझ्या सरांना दे."