सावरीचा कापूस आणि होडीतली गादी

वैनगंगेत ढिवरांचा डोंगा चालतो, शिडाची होडी नाही. आणि डोंग्यात गादी घालण्याची पद्धतही नाही. तरी होडीतल्या गादीत काय भरावं, याचं एक जुनं उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात दर उन्हाळ्यात वाऱ्यावर उडत असतं. काटेसावरीचा कापूस!

फाल्गुनात लालभडक फुलं, मग बोंडं, आणि उन्हं तापली की ती तडकून पांढरा कापूस बाहेर. याचा तंतू आतून पोकळ, वरून मेणचट. चिमूटभर घेऊन पाण्यात दाबा, सोडताच टुणकन वर! गुळगुळीत असल्याने तो नुसता कातता येत नाही, म्हणून उशी-गादीतच जातो.

हिचीच नातलग पांढरी सावर. तिच्या कापसाने एकेकाळी जगभरच्या खलाशांची लाइफ जॅकेटं भरली जात. मोठा पुरवठा जावा बेटावरून व्हायचा. 1942 मध्ये जपानने जावा घेतलं आणि अमेरिकेची पंचाईत झाली. मग तिथल्या शाळकरी मुलांनी रस्त्याकडेच्या एका रानझुडपाची बोंडं पोत्यांनी गोळा केली. दोन पोती बोंडांत एक जॅकेट! ते झुडूप आपल्या रुईच्याच कुळातलं.

आता कापसाकडून फोमकडे. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा शोध जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत 1937 मध्ये लागला, आणि पुढे त्याच्या फोमने गाद्यांचा बाजारच बदलला.

पण फोम म्हणजे सगळा एक नव्हे. सोफ्यातल्या फोमची छिद्रं एकमेकांत उघडतात. बसायला मऊ, पण पाऊस लागला की पाणी पितो आणि लवकर वाळत नाही. बंद छिद्रांच्या फोममध्ये प्रत्येक बुडबुडा वेगळा, त्यामुळे पाणी शिरत नाही आणि गादी तरंगते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट तुटते, तेव्हा बचाव पथकाच्या अंगावरच्या नारिंगी जॅकेटांत याच जातीचा फोम असतो. बसायला मात्र कडक! तिसरा प्रकार जाळीदार फोमचा. यात छिद्रांमधले पडदेच काढून टाकलेले, पाणी वरून शिरतं आणि खालून निथळतं. किंमत जास्त, पण होडीत उघड्यावर तासन्‌तास बसायचं तर मी हाच घेईन.

दुकानात ‘40 डेन्सिटी’ ऐकून भुलू नका. तो आकडा घनमीटरमागे किलोंचा. गादी कडक की मऊ, हे त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा एक तुकडा मागून घ्या, बादलीत दाबा. बुडबुडे सोडत जड झाला तर उघड्या छिद्रांचा, हातातून निसटून वर आला तर बंद छिद्रांचा. जाळीदार तुकडाही पाणी घेईल, पण वर उचलताच ते धारेने गळून जाईल. खोळ शिवताना खालच्या बाजूला जाळीचं कापड लावा, आणि रंग फिका निवडा. चंद्रपूरच्या मे महिन्यात काळ्या रेक्झिनवर बसून दाखवणारा अजून भेटायचाय.