काळोखातला बर्फ मोजतात कसा?

चुलीवरून दोन पातेली उतरवा. एक काजळी धरलेलं, दुसरं घासून लख्ख केलेलं. पाणी दोन्हींत सारखंच कढत. तरी बाजूला तळहात धरलात तर काजळीवाल्याची धग जास्त लागते. तापमान एकच, पण उष्णता बाहेर टाकण्याची ऐपत वेगळी.

उत्तर ध्रुवाजवळचा गोठलेला समुद्र याच युक्तीने मोजतात. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही, वर ढग. साधा कॅमेरा काय कामाचा! पण प्रत्येक वस्तू अंगातून क्षीण सूक्ष्मलहरी सोडत असते आणि त्या ढगांतूनही बऱ्याचशा पार होतात. गंमत म्हणजे बर्फ पाण्याहून थंड असूनही त्या जास्त सोडतो. म्हणून उपग्रहाला बर्फ उजळ दिसतो, पाणी काळं. १९७८पासून ही नोंद चालू आहे.

चित्र मात्र भरड. एकेक चौकट सुमारे २५ किलोमीटर लांब-रुंद. तिच्यात निदान १५ टक्के बर्फ असला की ती बर्फाळ धरायची. सप्टेंबर २०१२मध्ये असा प्रदेश सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसला, म्हणजे भारताहून जेमतेम मोठा.

उन्हाळ्यात उपग्रह फसतोही. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि तो त्यांनाच उघडा समुद्र समजून बसतो.